बोटानं निवडलेला चेहरा

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्याचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीनं एका शेतकऱ्याला जवसाच्या खरेदीचा करार मोबाइलवर पाठवला. ८७ टन जवस, नोव्हेंबरात पोचता करायचा. कराराच्या कागदाचा फोटो, त्यावर कंपनीच्या माणसाची सही आणि सोबत करार पक्का असल्याचं कळवण्याची विनंती. शेतकऱ्यानं उत्तरादाखल उंचावलेला अंगठा पाठवला. नोव्हेंबर उजाडेपर्यंत जवसाचा भाव दुपटीच्या वर गेला होता, आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं असं की, अंगठ्याचा अर्थ ‘तुमचा निरोप मिळाला’ एवढाच होता. कंपनीचं म्हणणं, अंगठा म्हणजे सही. जून २०२३ मध्ये न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली आणि शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. प्रांताच्या अपील न्यायालयानंही डिसेंबर २०२४ मध्ये हा निकाल बहुमतानं कायम केला.

दुसरा अंगठा आपल्या देशातला. २०१८ साली रेल्वे सुरक्षा दलाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्याच दलातल्या एका अधिकाऱ्याच्या हत्येची बातमी आली. तिच्याखाली एका शिपायानं अंगठा टाकला. वरिष्ठांनी तो हत्येचं समर्थन मानला आणि त्याची नोकरी गेली. मार्च २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम ठेवला. अंगठा हा ‘ओके’ या शब्दाच्या जागी वापरला जातो, निरोप पाहिल्याची ती पोच असू शकते, त्यावरून खुनाचा आनंद साजरा केला असं म्हणता येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय.

चित्र तेच, आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. तरी माझ्या मते दोन्ही निकाल बरोबर आहेत. सस्कॅचेवानच्या न्यायाधीशांनी अंगठ्याकडे बघण्याआधी त्या दोघांमधला जुना व्यवहार पाहिला. त्याच शेतकऱ्यानं त्याच कंपनीच्या आधीच्या करारांना ‘ठीक’, ‘हो’ अशी एका शब्दाची उत्तरं दिली होती आणि प्रत्येक वेळी माल पोचवला होता. मग या खेपेला शब्दाऐवजी अंगठा आला म्हणून करार कसा मोडतो? शिपायाच्या बाबतीत असा कोणताही मागचा धागा नव्हता. होती ती फक्त एक बातमी आणि तिच्याखालचं एक बोट. चित्राचा अर्थ चित्रात शोधायचा नसतो, तो पाठवणारा आणि घेणारा यांच्यातल्या आजवरच्या देवाणघेवाणीत शोधायचा असतो. या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात.

आपल्याकडे असा खटला उभा राहिला तर काय होईल, हा प्रश्न काल्पनिक नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं नववं कलम शब्दांवाचून दिलेल्या संमतीलाही वचनाचा दर्जा देतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं १०-अ हे कलम इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेला करार केवळ त्या कारणानं अवैध ठरत नाही, असं सांगतं. आणि मुंबई उच्च न्यायालयानं तर २०१८ मध्येच, थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस समोरच्यानं उघडल्याचं निळ्या खुणांवरून दिसतं, म्हणून ती बजावली गेली असं मान्य केलं होतं. दोन निळ्या खुणांना जिथे न्यायालयात इतकं वजन मिळतं, तिथे अंगठ्याला ते मिळणार नाही असं समजून कुणी निर्धास्त राहू नये.

या चिन्हांचा जन्म मुळात गैरसमज टाळण्यासाठी झाला, हे आज खरं वाटणार नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्ट आणि पारा यांच्याबद्दलचा एक विनोद चालला होता. कुणीतरी तो खरा समजलं आणि तो धोक्याची सूचना म्हणून पुढे पसरला. त्यावर स्कॉट फाहलमन या संगणकशास्त्रज्ञानं १९ सप्टेंबर १९८२ रोजी तोडगा सुचवला: थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, छोटी रेघ आणि बंद कंस टाकावा. मान तिरकी केली की हसरा चेहरा दिसतो. थट्टा नसेल तिथे कंस उलटा. उपाय सरळ होता: मी थट्टा करतोय, हे लिहिणाऱ्यानंच सांगून टाकायचं.

जपानमधली गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. १९९९ मध्ये डोकोमो कंपनीच्या आय-मोड सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं तयार केली. प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत. त्यात हवामान, वाहनं, राशी यांचीच गर्दी होती. चेहरे अगदी मोजके. त्यांच्याही आधी, १९९७ मध्ये, जे-फोन कंपनीच्या एका फोनवर ९० चित्रं आली होती, पण ती फारशी पसरली नाहीत. कुरितांचा संच २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आपल्या संग्रहात घेतला. मधल्या काळात, २०१० साली, संगणकावरच्या लिप्यांचं जागतिक मानक असलेल्या युनिकोडनं इमोजींना आपल्या अक्षरसंचात जागा दिली आणि जपानी फोनमधली ही चित्रं जगभरच्या फोनमध्ये शिरायला मोकळी झाली.

इथे एक तपशील नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बरेच घोळ त्यातून निघाले. युनिकोड इमोजीला क्रमांक आणि नाव देतं. चित्र मात्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. मी माझ्या फोनवर जे पाहून पाठवतो, तेच तुमच्या फोनवर उमटेल याची हमी कुणीही दिलेली नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याची तपासणी केली. एकाच कंपनीचं एकच चित्र दाखवलं तरी ते आनंदाचं, दुःखाचं की मधलंच, याबाबत लोकांचं चारातल्या एका वेळी जुळत नव्हतं. कंपनी बदलली की तफावत आणखी वाढायची. त्याच वर्षी ॲपलनं पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी आणली. बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी तसा बदल करायला २०१८ उजाडलं. मधली दोन वर्षं एकानं पिचकारी पाठवावी आणि दुसऱ्याला पिस्तूल दिसावं, अशी अवस्था होती. यात कुणाचीही लबाडी नव्हती, आणि धमकीचा आरोप मात्र होऊ शकत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या चित्रांवर आपण शब्दांपेक्षा जास्त विश्वास का ठेवतो?

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली आंगिकात येतात, बोलणं वाचिकात, वेशभूषा आणि रंगभूषा आहार्यात. सात्त्विक म्हणजे आतून उमटणारं. त्याचे आठ भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फाटणं, रंग उडणं, डोळे भरून येणं. ही यादी मला फार मोलाची वाटते, कारण हुकमानं न येणाऱ्या गोष्टी तिनं एका जागी ठेवल्या. फ्रान्समध्ये गियोम द्यूशेन या वैद्यानं १८६२ मध्ये मानवी चेहऱ्याच्या हालचालींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जवळपास याच दिशेनं बोट दाखवलं. ओठांचं हसू माणूस ठरवून आणू शकतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळला जातो तो आपल्या इच्छेला जुमानत नाही, असं त्याचं निरीक्षण होतं.

आपण पिढ्यान्‌पिढ्या माणसं पारखत आलो ती या हुकमाबाहेरच्या खुणांवर. मुलगी ‘काही नाही’ म्हणाली तरी तिचा आवाज आईला सगळं सांगून जातो. इमोजी आपल्यापुढे येतो तो याच खुणांचं रूप घेऊन: पाणावलेले डोळे, लालबुंद गाल, कपाळावरचा घामाचा थेंब. डोळा त्यांना चेहरा म्हणून ओळखतो आणि मन चेहऱ्याला देतं तेवढा विश्वास देऊन टाकतं. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक थेंब कुणीतरी बोटानं निवडून पाठवलेला असतो. भरताच्या भाषेत सांगायचं तर इमोजी पूर्णपणे आहार्य आहे, आणि आपण तो सात्त्विक समजून वाचतो. फसगतीचं मूळ माझ्या मते इथे आहे.

याचा अर्थ इमोजी खोटे असतात असा कृपा करून काढू नका. निवडून वापरलेली खूण म्हणजे लबाडी नव्हे. आपल्या पत्रांच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ असायचं. लिहिणारा काही त्या क्षणी जमिनीवर साष्टांग पडलेला नसायचा, आणि वाचणाऱ्यालाही तसं वाटत नसे. तो रिवाज दोघांना ठाऊक होता, म्हणून तिथे फसवणूक नव्हती. आज जोडलेल्या हातांचा इमोजी नेमकी तीच जागा भरून काढतो आहे. सकाळच्या सुविचाराखाली जोडलेले हात, सोसायटीच्या वर्गणीच्या आवाहनाखाली जोडलेले हात, निधनाच्या बातमीखाली जोडलेले हात, आणि ग्रुपवर भांडण पेटलं की ‘आता पुरे’ म्हणूनही जोडलेले हात. जपानमध्ये याच खुणेतून विनंती किंवा आभार व्यक्त होतात. आपण तिच्यात नमस्कार, सांत्वन, माघार आणि निरोप असं सगळं घातलं. मराठी माणसाच्या हातात आल्यावर या एका खुणेची जी भरभराट झाली, तिच्यावर या पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला.

अडचण येते ती रिवाज दोघांना ठाऊक नसतो तेव्हा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा घ्या. ऑक्सफर्ड शब्दकोशानं २०१५ साली त्याला वर्षाचा शब्द ठरवलं, इतका तो जगभर चालत होता. पण साठी-सत्तरीतल्या कितीतरी मंडळींना त्या चेहऱ्यावर प्रथम दिसतात ते अश्रू. छोटा पडदा, मंद झालेली नजर, आणि दोन्ही गालांवर निळे थेंब. मग एखाद्या आत्याबाई दिराच्या निधनाच्या बातमीखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात आणि पुढे तो चेहरा तीनदा टाकतात. ग्रुपवर क्षणभर सन्नाटा. मग कुणीतरी भाचा खवळून उठतो. आत्याबाईंना कळतच नाही की झालं काय. हे प्रसंग ऐकताना लोक हसतात. मला त्यांत हसण्यासारखं काही दिसत नाही. शोकाच्या घडीला एका वडीलधाऱ्या बाईंच्या दुःखावर शंका घेतली गेली, आणि ती शंका घेणाऱ्याला एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही. आत्या कशी आहे हे त्याला जन्मापासून माहीत होतं, तरी त्यानं विश्वास ठेवला तो एका चित्रावर.

उलट दिशेनंही असंच होतं. तरुण मुलं हसून मेलो असं सांगायला कवटी पाठवतात. ती पाहून आजोबांच्या काळजाचा ठोका चुकतो. आईनं प्रेमानं पाठवलेला साधा मंद हसरा चेहरा मुलीला कोरडा, राग गिळून पाठवल्यासारखा वाटतो. कचेरीच्या ग्रुपवर साहेबांचा नुसता अंगठा कुणाला शाबासकी वाटतो, कुणाला ‘पुरे झालं, आता कामाला लागा’. मुळात लिहिणाऱ्याला स्वतःचा सूर स्पष्ट ऐकू येत असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तो येतच असणार असं तो धरून चालतो. ईमेलमधला उपरोध समोरच्याला किती कळतो यावर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच दिसलं होतं: लिहिणाऱ्यांचा आत्मविश्वास भरपूर, वाचणाऱ्यांची जाण त्यापेक्षा बरीच कमी.

आणि मग येते खरीखुरी फसवणूक, ठरवून केलेली.

इस्रायलमधल्या हर्झलियाच्या लघुवाद न्यायालयात २०१७ मध्ये एक मासलेवाईक प्रकरण आलं. एका जोडप्यानं भाड्याच्या घराच्या जाहिरातीला उत्तर देताना उत्साही मजकुराबरोबर नाचणाऱ्या बाया, शॅम्पेनची बाटली, खार, धूमकेतू असे इमोजी पाठवले. घरमालकानं ते पाहून जाहिरात काढून घेतली. पुढे जोडपं काही काळ बोलत राहिलं आणि मग गप्प झालं. न्यायाधीशांनी करार झाल्याचं मानलं नाही. पण त्या आनंदी चिन्हांनी मालकाला भरवशावर ठेवलं, आणि मनात शंका असताना तो भरवसा निर्माण करणं हा अप्रामाणिकपणा होता, असं म्हणून ८ हजार शेकेलची भरपाई द्यायला लावली. करार नाही, तरीही फसवणुकीची जबाबदारी आहे, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. इमोजीनं शब्द दिला नव्हता, पण आशा दाखवली होती.

पैशाच्या बाजारात तर हे उघडच चालतं. अमेरिकेत एका क्रिप्टो-खटल्यात न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिलं की रॉकेट, चढता आलेख आणि पैशाची थैली या चिन्हांचा अर्थ गुंतवणुकीवर परतावा मिळणार, हाच होतो. दुसऱ्या एका प्रकरणात कंपनीच्या बड्या भागधारकानं ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विटरवर हसऱ्या चंद्राचा इमोजी टाकला होता. भाव ‘चंद्रापर्यंत’ जाणार, ही हौशी गुंतवणूकदारांची ठरलेली बोली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं आपले समभाग विकले. शब्दांत सांगितलं असतं तर जे दिशाभूल ठरू शकलं असतं, ते चित्रात सांगितलं म्हणून सुटत नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयानं २०२३ मध्ये तो दावा पुढे चालू दिला.

आपल्याकडची फसवणूक इतकी दूरची नाही. शेअर बाजारातल्या ‘खास टिप्स’च्या ग्रुपमध्ये अनोळखी नंबरावरून कुणी तुम्हाला ओढतं. आत शंभरेक माणसं. ‘सर’ एक शेअर सांगतात आणि मिनिटाभरात खाली अंगठे, रॉकेट, जोडलेले हात, नोटांच्या थैल्या यांची रांग लागते. कुणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतं, त्यावर पुन्हा टाळ्या. त्या गर्दीतली बहुतेक खाती एकाच टोळीच्या हातात असतात आणि खराखुरा माणूस बरेचदा तुम्ही एकटेच. इतक्या लोकांनी लेखी साक्ष दिली असती तर तुम्ही ती बारकाईनं वाचली असती, नावं तपासली असती. अंगठ्यांची कुणी उलटतपासणी घेत नाही. म्हणून ठगांना ते आवडतात. शब्द लिहायचे तर भाषा यावी लागते आणि मराठीतली एखादी चूक संशय जागा करते. चित्राला बोलीही नसते आणि व्याकरणही नसतं.

लग्नपत्रिकेची फसवणूक याहून जिव्हारी लागते. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून निरोप येतो: गणपती, फुलं, जोडलेले हात, ‘अगत्य यावे’, आणि सोबत एक फाइल. पत्रिका समजून ती उघडावी तर शेवटी एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे ते ॲप असतं. ते बसवलं की बँकेचे ओटीपी चोरापर्यंत पोचू लागतात. ओळखीच्या माणसाचं खातं आधीच त्याच मार्गानं गेलेलं असतं. हे ठग आपला सगळा संस्कार जाणतात. आमंत्रणाला नाही म्हणायचं नसतं, जोडलेल्या हातांकडे पाठ फिरवायची नसते, हे त्यांना ठाऊक आहे.

मुलांच्या सांकेतिक इमोजींबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं आहे. मार्च २०२५ मध्ये ‘ॲडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. तिच्यात तपास करणाऱ्या पोलिसाला त्याचा मुलगा समजावून सांगतो की ज्याला तो मैत्रीची चेष्टामस्करी समजत होता त्या चिन्हांत क्रूर टोमणा दडला होता. मग पालकांच्या ग्रुपवर अर्थांचे तक्ते फिरू लागले. माझं स्पष्ट मत आहे की असे तक्ते उपयोगापेक्षा अपाय जास्त करतात. मोठ्यांच्या हाती पडेपर्यंत मुलांनी संकेत बदललेले असतात, आणि उरतो तो नुसता संशय. अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्यानं २०२१ मध्ये असाच तक्ता काढला, तेव्हा केवळ इमोजीवरून गुन्हा गृहीत धरू नये, असं त्यांनाही लिहावं लागलं. त्या मालिकेतली खरी शिकवण बापानं तक्ता पाठ करण्यात नव्हती. मुलानं बापाशी बोलायला यावं, यात होती.

तांत्रिक बाजूचं एक प्रकरण शेवटी जोडलं आहे. कवटीचा काळा झेंडा हा एक इमोजी दिसतो, प्रत्यक्षात तो काळा झेंडा आणि कवटी यांना एका अदृश्य जोडकानं बांधून केलेला असतो. मराठी लिहिणाऱ्यांना तो जोडक परका नाही. ‘वाऱ्यावर’मधल्या आडव्या र साठी संगणकावर तोच वापरायची एक रीत आहे. अशाच दुसऱ्या अदृश्य खुणा इमोजीमागे एकापुढे एक लावून त्यात सबंध मजकूर लपवता येतो, हेही दाखवून झालं आहे. पडद्यावर फक्त एक हसरा चेहरा.

हे पुस्तक इमोजींचा शब्दकोश म्हणून वाचू नका. कुठल्या चित्राचा कुठला अर्थ, हे यात शोधायला जाल तर निराश व्हाल. वाचकांकडे माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. घरच्या माणसाचं एखादं चित्र मनाला लागलं, तर त्यावर निवाडा करण्याआधी त्याला विचारा. आणि जिथे पैशाचा, सहीचा किंवा फाइल उघडण्याचा प्रश्न असेल, तिथे समोरून किती हात जोडले गेले आहेत हे न बघता, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर तिथे फोन जाईल तितकी गेलेली रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.